कॅनॉट: एका नावाच्या नोंदी

४ जून २०२५

नामकोशाच्या 'क' विभागाची आज वाटणी झाली. 'कॅनॉट' मी मागून घेतलं. बावीस वर्षं झाली, घरून वाचनालयात जाताना मी सिडकोतलं कॅनॉट ओलांडूनच जाते. कपड्यांची दुकानं, चष्मेवाले, क्लासेस, संध्याकाळी बागेपाशी पोरापोरींची गर्दी. "सहाला कॅनॉटला ये" एवढं म्हटलं की छत्रपती संभाजीनगरात पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. हे नाव मूळचं आयर्लंडचं आहे, हे मला मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. भाची नर्स म्हणून गॉलवेला गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "मावशी, आपलं कॅनॉट इथलं आहे गं! इथल्या रग्बीच्या टीमचं नाव तेच आहे."

कोशातलं काम ठरलेलं आहे. एका नावाची माणसं, गावं, रस्ते, पदव्या, संस्था वेगवेगळ्या करून मांडायच्या, म्हणजे वाचकाला हवं ते चटकन सापडतं. आज कच्ची यादी केली. दिल्लीचं कनॉट प्लेस, लंडनचं हॉटेल, हाँगकाँगचा रस्ता, एक ड्यूक, एक पलटण, रग्बीचा संघ, कॅनडातला बोगदा, औषधं करणारी प्रयोगशाळा, शर्यतीच्या मोटारी. तासाभरात एकोणीस नोंदी, आणि सगळ्या एकाच ढिगात.

७ जून

मुळापर्यंत पोचले. आधी माणूस, मग त्याचं कुळ, मग मुलूख, असा या नावाचा प्रवास आहे.

आयरिश परंपरेत कॉन नावाचा एक राजा सांगतात, 'शंभर लढायांचा कॉन'. तो दंतकथेतला आहे, पण त्याचे वंशज म्हणवणारी घराणी इतिहासातली आहेत. त्या घराण्यांना म्हणत 'कॉनख्ता', म्हणजे कॉनचे. त्यांनी आयर्लंडच्या पश्चिमेला राज्य केलं आणि त्यांचं नाव त्या मुलखालाच चिकटलं. मराठी वाचकाला हे समजावायला फार खटपट पडणार नाही. कुरूचे ते कौरव, यदूचे ते यादव. तसे कॉनचे ते कॉनख्ता. आपल्याकडेही विदर्भ हे आधी राजाचं नाव आणि मग देशाचं, असं पुराणं सांगतात.

तिथे प्रांताला 'कूगे' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ 'पाचवा हिस्सा'. आज आयर्लंडचे प्रांत चारच आहेत: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर आणि हा, कॉनख्त. पाचवा भाग होता मीथ. तो लेन्स्टरमध्ये मिसळून गेला, पण शब्द राहिला. हे मला फार आवडलं. कोशात एक ओळ तरी द्यायचीच.

प्रांतात पाच परगणे: गॉलवे, मेयो, रॉसकॉमन, स्लायगो, लीट्रिम.

८ जून

'मेयो'वर अडले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याची पदवी याच परगण्याची. १८७२ मध्ये अंदमानात पोर्ट ब्लेअरला त्याचा खून झाला. अजमेरचं मेयो कॉलेज त्याच्या नावाचं, आणि नागपूरच्या सरकारी इस्पितळाचं नाव बदललं तरी नागपूरकर अजून 'मेयोला नेलं' असंच म्हणतात. म्हणजे कॉनख्तच्या पोटातलं आणखी एक नाव आपल्याकडे येऊन बसलेलं आहे. पण ते 'म' विभागाचं काम. चिठ्ठी लिहून तिकडे दिली.

११ जून

उच्चार आणि लेखन. भाचीकडून आवाज मागवला होता. वॉर्डातल्या सहकाऱ्यांना विचारून तिने स्वतःच्या तोंडून पाठवला. आयरिशमध्ये शेवटाकडे घशातला 'ख' आहे, उर्दूतल्या 'वक्त'ऐवजी 'सख्त' म्हणताना येतो तसा: कॉनख्त. इंग्रजांना तो 'ख' जमला नाही म्हणून कॉनॉट झालं. ते हिंदुस्थानात आलं आणि कनॉट झालं. मराठवाड्यात आलं आणि कॅनॉट झालं.

यातली तीन रूपं ठेवायची असं ठरवलं. मुलूख 'कॉनख्त'. पदवी आणि त्या पदवीवरून आलेलं सगळं 'कनॉट'. आमच्या सिडकोचं 'कॅनॉट', कारण पाट्यांवर आणि तोंडी तेच आहे. वाचकाला नुसत्या लेखनावरून कळलं पाहिजे की आपण नावाच्या कोणत्या टप्प्यावर उभे आहोत.

गॉलवेतही हा भेद दिसतो. तिथलं १९०९ मध्ये सुरू झालेलं साप्ताहिक आपलं नाव आयरिश वळणानं 'कॉनख्त ट्रिब्यून' असं लिहितं, आणि शेजारच्या मेयोतलं त्याहून जुनं वर्तमानपत्र अजून इंग्रजी वळणानं 'कॉनॉट टेलिग्राफ' म्हणवतं.

१४ जून

पदव्यांची नोंद. इथे मी एक चूक करून ठेवली होती. कच्च्या यादीत लंडनचं कनॉट स्क्वेअर आणि हाइड पार्कच्या कोपऱ्यावरचं कनॉट प्लेस ड्यूकखाली टाकलं होतं. पण या जागा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतल्या, आणि ड्यूक ऑफ कनॉट ही पदवी २४ मे १८७४ ची. वर्ष जुळेना तेव्हा थांबले. त्याआधी १७६४ मध्ये ड्यूक ऑफ ग्लॉस्टरला 'अर्ल ऑफ कनॉट' ही जोडपदवी दिलेली होती. दोन पिढ्या चालून ती १८३४ मध्ये संपली. चौकाचं नाव त्या अर्लवरून.

म्हणजे पदव्या दोन. आणि दिल्लीच्या कनॉट प्लेसचं नाव लंडनच्या कनॉट प्लेसवरून आलेलं नाही. दोघांच्या मागे दोन वेगळी माणसं आहेत. ही गल्लत मी स्वतः केली, तेव्हा वाचकही करणार. नोंदीत ठळक लिहायचं.

आजपासून तक्त्यात एक रकाना वाढवला: 'नाव कोणत्या वाटेनं आलं'. मुलखावरून थेट, की पदवीवरून, की दुसऱ्या जागेवरून. एकोणीस ओळी पुन्हा भरायला घेतल्या. हा रकाना भरला नाही तर कोश म्हणजे नुसती टेलिफोन डिरेक्टरी होईल, असं मला मनापासून वाटतं.

१५ जून

ड्यूक. प्रिन्स आर्थर, राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा. जन्म १ मे १८५०. त्याच तारखेला जन्मलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, म्हणजे आर्थर वेलस्लीचं नाव त्याला ठेवलं, आणि वेलिंग्टन त्याचा धर्मपिता झाला. हाच वेलस्ली १८०३ मध्ये पुण्यात शिरला आणि असई, आडगाव, गाविलगड इथे मराठ्यांशी लढला.

आर्थर सैन्यात गेला. १८८६ ते १८९० मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. १९११ ते १९१६ कॅनडाचा गव्हर्नर जनरल. १९४२ मध्ये वारला. पदवी नातवाकडे गेली आणि १९४३ मध्ये तो नातू ओटावाला वारला तेव्हा ती संपली. एकूण एकोणसत्तर वर्षांची पदवी. तेवढ्यात जगभर नाव पेरून गेली.

१७ जून

पदवीवरून आलेली नावं. आज भराभर उरकली.

पुणे: स्टेशनच्या भागातला कनॉट रोड. लष्कराचा, बंगल्यांचा भाग. सरसेनापती पुण्यात होता त्याची खूण.

हाँगकाँग: १८९० च्या मार्चमध्ये ड्यूकनं मुंबईच्या फौजेचं पद सोडलं आणि पूर्वेच्या वाटेनं घरी निघाला. एप्रिलमध्ये हाँगकाँगला समुद्र हटवून जमीन करण्याच्या कामाची कोनशिला त्याच्या हातून बसवली. त्या भरावावरचा रस्ता तो कनॉट रोड. पुण्याचा रस्ता आणि हाँगकाँगचा रस्ता असे एकाच प्रवासाच्या दोन टोकांना आहेत.

कॅनडा: रॉजर्स पासखालून जाणारा कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा कनॉट बोगदा, सुमारे आठ किलोमीटर, १९१६ चा. टोरंटो विद्यापीठाची कनॉट प्रयोगशाळा, १९१७. या प्रयोगशाळेपाशी मी मुक्काम केला. इन्शुलिनचा शोध टोरंटोतच लागला आणि १९२२ पासून ते मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचं काम याच प्रयोगशाळेत उभं राहिलं. पोलिओच्या लशीची १९५४ ची मोठी चाचणी झाली, तिच्यासाठी लागणारा विषाणूचा द्रवही इथे वाढवलेला. आईला वीस वर्षं मधुमेह होता. रोज सकाळी तिला इन्शुलिन मी द्यायचे. त्या कुपीच्या इतिहासात कुठेतरी हे नाव आहे, हे तेव्हा कळलं असतं तर तिला सांगितलं असतं.

लंडन: मेफेअरमधलं 'द कनॉट' हॉटेल. आधी त्याचं नाव जर्मन वळणाचं, कोबर्ग. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांबद्दल चीड वाढली तेव्हा १९१७ मध्ये बदलून कनॉट केलं. त्याच वर्षी राजघराण्यानंही आपलं जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं.

दिल्ली: रॉबर्ट टॉर रसेलच्या आराखड्यावरून १९२९ ते १९३३ मध्ये बांधलेलं. १९९५ मध्ये राजीव चौक झालं. मेट्रोच्या स्टेशनावर ते नाव रुळलं, वर रस्त्यावर लोक अजून सी.पी.च म्हणतात.

मोटारी: कनॉट इंजिनिअरिंग. ही नोंद वेगळी ठेवली. मालकाच्या 'कॉन्टिनेंटल ऑटोमोबाइल्स' या धंद्याच्या नावातली सुरुवातीची अक्षरं जोडून हे नाव झालं. प्रांताशी संबंध फक्त कानाचा. १९५५ मध्ये सिसिलीत सिराक्यूजच्या शर्यतीत टोनी ब्रुक्सनं ती मोटार पहिली आणली. ब्रिटिश मोटारीत बसून ब्रिटिश चालकानं ग्रां प्री जिंकण्याचा असा प्रसंग १९२४ नंतर प्रथमच आला होता.

२० जून

पाऊस. वाचनालयात वीज नव्हती, हातानं लिहिलं.

संपादक सरांचा फोन. त्यांचं म्हणणं, दिल्लीची नोंद आधी घ्या. दहापैकी नऊ वाचक तीच शोधत येणार. मुद्दा खोटा नाही. पण पानाच्या डोक्यावर दिल्ली, मग ड्यूक, आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'आयर्लंडमधील एक प्रांत', असं छापायला माझा हात होत नाही. ज्यांचं नाव, ते शेवटी! सरांना म्हटलं, "सर, वर एका ओळीत बोट दाखवते, दिल्लीसाठी अमुक क्रमांक बघा. बाकी क्रम मुळापासून ठेवू द्या." दोन दिवसांत कळवतो म्हणाले.

२१ जून

क्रमाचा हट्ट का, ते सरांना लिहून पाठवायचं म्हणून प्रांताची नोंद आज नीट बसून लिहिली.

बाराव्या शतकात आयर्लंडचा शेवटचा मोठा राजा, रुआरी ओ'कॉनर, या कॉनख्तचाच. ११९८ मध्ये वारला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजांनी देश जिंकला आणि १६५२ च्या कायद्यानं कॅथलिक जमीनमालकांच्या जमिनी काढून घेतल्या. त्यांना शॅनन नदीच्या पश्चिमेला जायला सांगितलं. मुदत १ मे १६५४. पश्चिम म्हणजे कॉनख्त आणि शेजारचा क्लेअर. खडकाळ, ओली, नापीक जमीन. 'नरकात जा, नाहीतर कॉनख्तला' ही म्हण तेव्हापासून क्रॉमवेलच्या नावावर सांगतात. आयर्लंडमध्ये शाळकरी पोरालाही ती येते, भाची म्हणाली.

त्या जमिनीवर माणसं दाटीनं राहिली आणि बटाट्यावर जगली. १८४५ पासून बटाट्यावर करपा आला. १८४१ च्या शिरगणतीत प्रांतात चौदा लाखांवर लोक होते. १८५१ च्या शिरगणतीत दहा लाख. दहा वर्षांत चार लाख माणसं कमी. उपाशी मेली, तापानं मेली, उरलेली जहाजात बसून गेली. आजही तिथे सहा लाखांच्या आसपासच वस्ती आहे.

त्या दुष्काळाला पाव शतक उलटल्यावर राणीनं आपल्या मुलाला या प्रांताच्या नावाचा ड्यूक केलं. पदवीबरोबर तिथली जमीन आली नाही, जबाबदारीही आली नाही. नाव तेवढं घेतलं. म्हणून प्रांत आधी, हे सरांना लिहिलं.

२२ जून

सरांचं उत्तर: "ताई, क्रम तुमचा ठेवा."

२४ जून

मेयो परगणा पुन्हा समोर आला, आणि यावेळी 'म' विभागाला देऊन चालणार नाही.

२० एप्रिल १८७९ ला मेयोत आयरिशटाउन इथे कुळांची मोठी सभा झाली. पिकं बुडालेली, खंड भरता येईना, आणि मालक कुळांना घराबाहेर काढत होते. त्या सभेतून लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. तिचा नेता मायकेल डॅव्हिट मेयोतल्या स्ट्रेडचा. तो लहान असताना त्याच्याच घरच्यांना जमिनीवरून हाकलून दिलं होतं. पुढच्या वर्षी, १८८० मध्ये, लॉक मास्क तळ्याकाठी अर्ल ऑफ अर्नच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे व्यवहार तोडले. त्याच्या शेतात कोणी कापणीला जाईना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी अल्स्टरमधून पन्नास माणसं कापणीला आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलीस. त्या कारभाऱ्याचं नाव चार्ल्स बॉयकॉट.

म्हणजे 'बॉयकॉट' हा शब्द कॉनख्तचा! पंचवीस वर्षांनी वंगभंगानंतर टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री मांडली, त्यातल्या बहिष्काराचं इंग्रजी नाव मेयोच्या कुळांनी दिलेलं.

सरांना लगेच फोन लावला. ते जेवत होते. तरी ऐकून घेतलं.

२६ जून

ड्यूकची नोंद परत उघडली. त्याच्या तारखा बघता बघता एक तारीख डोक्यात वाजली आणि मी जोतीरावांचं चरित्र काढायला उठले.

२ मार्च १८८८, पुणे. हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक आणि डचेस ऑफ कनॉट यांना मेजवानी दिली. पाहुणे शालजोड्या आणि दागदागिन्यांत आलेले. जोतीराव फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. भाषणाला उभे राहिले आणि राजपुत्राला सांगितलं की इथे जमलेली ही नटलेली माणसं म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा बघायची तर आसपासच्या खेड्यांत जा, अस्पृश्यांच्या वस्तीत जा. आणि आपल्या आईला सांगा की या गरीब रयतेला शिक्षण द्या.

हा प्रसंग मी शाळेत ऐकला होता, वाचलाही होता. पण 'ड्यूक ऑफ कनॉट' हे शब्द तेव्हा नुसते शब्द होते, एखाद्या साहेबाचं नाव. आज तक्ता समोर होता. खंड थकला म्हणून घराबाहेर काढलेल्या कुळांच्या मुलखाचं नाव लावून आलेला राजपुत्र, आणि त्याच्यासमोर शेतकऱ्याचा वेष घालून उभा राहिलेला माणूस, ज्यानं पाच वर्षांआधी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. मेयोतली सभा आणि सुप्याला सावकारांविरुद्ध उठलेले शेतकरी यांच्यात अंतर चार वर्षांचं, १८७९ आणि १८७५. दोन्हीकडे पीक, कर्ज, कागद आणि जप्ती. जोतीरावांनी ड्यूकला त्याच्याच पदवीतल्या मुलखाची आठवण दिली असं मी लिहिणार नाही. तसा कुठे उल्लेख नाही. पण प्रसंग 'कनॉट'च्या नोंदीत आला पाहिजे, एवढं नक्की.

आज पुढे काही काम झालं नाही. बराच वेळ तशीच बसून होते.

२८ जून

पलटण. आजची तारीख मुद्दाम धरली.

कनॉट रेंजर्स १७९३ मध्ये उभी राहिली. म्हणजे ड्यूकच्या आधी ऐंशी वर्षं. तिचं नाव थेट प्रांतावरून. रकाना भरला: 'मुलखावरून'. ठाणं गॉलवेतल्या रेनमोर बॅरॅक्सला. भरती पश्चिमेतल्या गरीब पोरांची.

२८ जून १९२० ला जालंदरच्या वेलिंग्टन बॅरॅक्समध्ये या पलटणीतल्या काही शिपायांनी हत्यारं खाली ठेवली. आयर्लंडमध्ये ब्रिटिश फौजा काय करत आहेत ते घरच्या पत्रांतून त्यांना कळत होतं, आणि त्याच सरकारची नोकरी करायला त्यांनी नकार दिला. बातमी सोलनच्या तुकडीपर्यंत पोचली. तिथे दारूगोळ्याच्या कोठाराकडे निघालेल्या शिपायांवर गोळीबार झाला, दोघं ठार. त्यांचा पुढारी जेम्स डॅली. २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईच्या तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. वय वीस. बाकीच्यांच्या मृत्युदंडाच्या शिक्षा कमी करून तुरुंगवास दिला. बंडासाठी ब्रिटिश फौजेनं देहदंड दिलेला डॅली हा शेवटचा शिपाई. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याचे अवशेष आयर्लंडला नेऊन टिरल्सपासला पुरले.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२२ मध्ये पलटणच मोडली.

२९ जून

चूक सापडली, आणि बरी वेळेत सापडली. २४ तारखेच्या टाचणात आयरिशटाउनच्या सभेमागे 'कॉनॉट टेलिग्राफ'चा संपादक जेम्स डॅली होता असं लिहिलेलं, आणि काल बंडाचा जेम्स डॅली. कार्डांच्या पेटीत दोन्ही कार्डं एकाच दोऱ्यात बांधली गेली. पहिला १८७९ मध्ये वर्तमानपत्र चालवणारा पुरुष, दुसरा १८९९ चा जन्म. दोन माणसं. एकानं कुळांची बाजू छापली, दुसऱ्यानं पलटणीत हत्यार टाकलं. नाव एक आणि दोघांच्या शेजारी 'कनॉट'. नावांचा गुंता सोडवायला बसलेल्या कोशात असा नवा गुंता छापला गेला असता तर मला ते फार लागलं असतं. 'जेम्स डॅली' अशी वेगळी नोंद करून दोघांना दोन क्रमांक दिले.

१ जुलै

पलटणीच्या गणवेशाचा फोटो पाहत होते. कॉलरवर हत्ती. पश्चिम आयर्लंडच्या पलटणीला हत्ती कशाला?

१८८१ मध्ये ८८ आणि ९४ या दोन क्रमांकांच्या पलटणी एक करून नवी कनॉट रेंजर्स केली, आणि हत्ती ९४ कडून आला. त्या क्रमांकाची आधीची पलटण स्कॉच ब्रिगेड म्हणवायची. हिंदुस्थानातल्या कामगिरीबद्दल तिला हत्तीचं चिन्ह मिळालं. त्या कामगिरीत गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ ला याच पलटणीची हलकी तुकडी घळीतून शिड्या घेऊन वर चढली आणि आतला दरवाजा उघडला. सेनापती वेलस्ली, ज्याच्या नावावरून पुढे ड्यूकचं नाव आर्थर ठेवलं तोच.

गाविलगडला मी दोनदा गेले आहे, चिखलदऱ्याला सहल नेली तेव्हा. पडकी तटबंदी, धुकं, खाली खोल दरी. आत लढणारे लढता लढता पडले. बेणीसिंग किल्लेदार त्यातच गेला. गॉलवेच्या बॅरॅक्समध्ये पोरं जो हत्ती कॉलरवर लावून कवायत करत, त्यात मेळघाटातली ही एक सकाळ होती.

हत्तीची नोंद तीन ओळींत बसवायची आहे. दोनदा लिहून खोडली.

५ जुलै

१९२१. ड्यूक पुन्हा हिंदुस्थानात, आता सत्तरीचा. १० फेब्रुवारीला त्यानं इंडिया गेटची कोनशिला बसवली, १२ ला जुन्या संसद भवनाची. जालियनवाला बागेला दोन वर्षं होत आली होती. नव्या विधिमंडळासमोर बोलताना तो म्हणाला की अमृतसरची सावली देशभर लांबत गेली आहे.

देशात असहकार सुरू होता, आणि त्याच्या भेटीवर बहिष्कार होता. गांधीजींनी त्याला उघड पत्र लिहिलं, त्याचा आशय असा: तुमच्या भेटीवरच्या बहिष्कारात भाग घेण्यात मला आनंद वाटत नाही, आमचा विरोध तुमच्या व्यक्तीला नाही, सत्तेच्या पद्धतीला आहे.

कॉनख्तच्या कुळांनी जगाला दिलेला शब्द एकेचाळीस वर्षांत फिरून कॉनख्तच्या ड्यूकपुढे उभा राहिला. ही ओळ सरांनी कापू नये म्हणून बाजूला लाल पेन्सिलनं 'राहू द्यावी' लिहिलं आहे.

९ जुलै

सरांकडून शेरे. बोगदा आणि मोटारी छोट्या करा: केल्या. रग्बी संघाला एक ओळ वाढवा: वाढवली. (२८ मे २०१६, एडिनबरोत लेन्स्टरला २०–१० हरवून पहिलं विजेतेपद. गॉलवेत त्याबद्दल अजून बोलतात म्हणे.) फुल्यांचा परिच्छेद नामकोशात जरा लांब वाटतो, असा प्रश्न. मी उत्तर दिलं: मराठी वाचकाला हे नाव पहिल्यांदा कुठे भेटलं असेल तर तिथे. दिल्लीत सी.पी. बांधायच्या चाळीस वर्षं आधी पुण्यात. लांबी कमी करते, पण तारीख, वेष आणि मागणी या तिन्हींतलं काही सोडणार नाही.

१२ जुलै

सिडकोची नोंद शेवटी ठेवली होती. संध्याकाळी कॅनॉटला जाऊन पाट्या मोजल्या: 'कॅनॉट' सतरा, 'कनॉट' पाच, 'कॅनाट' दोन. जुन्या स्टेशनरीवाल्या काकांना विचारलं, नाव कशावरून? "दिल्लीवरून हो, दुसरं काय." पुढे त्यांना सांगितलं की दिल्लीचं एका ड्यूकवरून, ड्यूकचं आयर्लंडमधल्या एका प्रांतावरून, प्रांताचं एका कुळावरून आणि कुळाचं कॉन नावाच्या राजावरून. काकांनी गिऱ्हाईक थांबवून ऐकलं आणि विचारलं, "तिकडे शेती कशाची होते?" म्हटलं, आता गुरं, मेंढ्या, गवत, पूर्वी बटाटा. दुष्काळाचं सांगितलं. ते बहात्तरच्या दुष्काळात वैजापूरकडून इकडे आलेले. सुकडीचं आणि खडी फोडण्याच्या कामाचं बोलत राहिले. दुकान बंद करायला नऊ वाजले.

रकान्यात भरलं: 'दुसऱ्या जागेवरून (दिल्ली)'.

१६ जुलै

पक्की नोंद पाठवली. एकोणीसच्या तेवीस उपनोंदी झाल्या. मुलखावरून थेट पाच, अर्लवरून दोन, ड्यूकवरून चौदा, दुसऱ्या जागेवरून एक, नुसता कानाचा संबंध एक. सुरुवात अशी: 'कॉनख्त: कॉनचे वंशज, त्यांच्यावरून आयर्लंडचा पश्चिमेकडील प्रांत.'

१८ जुलै

भाचीचा फोन. रविवारी सुट्टी आहे, मैत्रिणींबरोबर मेयोकडे चाललीय. "काय बघू, मावशी?" तिला स्ट्रेड सांगितलं. डॅव्हिट तिथेच जन्मला, तिथल्याच मठाच्या आवारात त्याला पुरलं आहे. जमलं तर पुढे लॉक मास्कही. थडग्याचा फोटो उजेडात आणि सरळ उभं राहून काढ म्हटलं, छपाईला लागेल. पान ३१२ वर डावीकडे दोन इंच जागा मोकळी सोडायला सरांना कळवलं आहे.